पहिल्या दळणाला ज्वारी येणारच

नसीम, तू गेल्यापासून आपल्या गिरणीची लाईट एकदाही गेली नाही, बघ. आपल्या बीबी गावात असं कधी झालंय? पोळ्याला जाते, दिवाळीला जाते, नवरी मांडवात उभी असताना जाते. आणि आता मी रोज दुपारी मोटारीकडं कान लावून बसते, की आता घरघर थांबेल, मग थांबेल. ती आपली चालूच. तू गेलीस आणि वीजवाल्यांना लाज वाटायला लागली की काय, कोण जाणे.

तुला ठाऊक आहे मी लाईट जायची वाट का बघते. लाईट गेली की आपली शाळा भरायची. लाईट आली की सुटायची. ना घंटा, ना हजेरी. गिरणी बंद पडली की बाया आपापल्या डब्यांपासून उठून ओट्यावर यायच्या, तू पोत्यावर बैठक मारायचीस आणि म्हणायचीस, "हां, तो बोलो, पहिली कोण?" आणि सगळ्या एकमेकींच्या पाठीमागं दडायच्या.

लिहिताना माझी भाषा जरा सरळ होते, हसू नको. बोलताना मी आहे तशीच आहे.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो का? तुझ्या मालकांनी अकोल्याहून येऊन इथं कापडाचं दुकान टाकलं होतं आणि तू शहरातली बाई, पर्स अडकवून गव्हाचा डबा घेऊन सकाळी सकाळी माझ्या दारात. बाकीच्या बाया डबे जरा लांब ठेवून गप्पा मारत होत्या. आमच्याकडं माणसानं रांगेत उभं राहायचं नसतं, डबा उभा राहतो. डबा ठेवला की नंबर लागला, मग तू वावरात जा नाही तर माहेरी जाऊन ये. तू बघितलंस, मोटारीजवळची जागा मोकळी. केवढी खूश झालीस! "अरे वा, मेरा तो पहिला नंबर लागला!" म्हणून डबा पुढं ठेवून दिलास. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळलेल्या पोळ्या घेऊन तू हजर. पोळ्या कसल्या, तुकडे. "हे काय, शोभाबाई? माझ्या गव्हात काय मिसळलं?"

"ज्वारी," मी म्हटलं. "आदल्या संध्याकाळी शेवटचं दळण ज्वारीचं होतं. दगडाच्या खाचांत पीठ राह्यते. म्या झाडून घेतलं तरी राह्यतेच. पहिल्या दळणाला ज्वारी येणारच."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही विचारलं काऊन नाही?"

मला वाटलं, आता ही भांडणार. मी पदर खोचून तयारच होते. तर तू पोत्यावर बसलीस आणि अशी हसायला लागलीस, अशी हसायला लागलीस, की माझी सासू आतून बाहेर आली बघायला. त्या दिवसापासून तू मला शोभा म्हणायला लागलीस आणि मी तुला नसीम. बाकीच्यांची तू बाजी, थोरली बहीण.

गंमत त्याच्या पुढं आहे. कळल्यावर कोणी पुन्हा डबा पुढं ठेवेल का? तू ठेवायचीस. मुद्दाम. सकाळी आलीस की पहिला डबा तुझा. मी एकदा रागावलेच, "कायले त्रास करून घेतेस वं? थांब की थोडी, मंगलाचं जाऊ दे आधी." तू म्हणालीस, "कोणाचं तरी जाणारच ना आधी? आमच्या घरी पोळी तुटली तरी खाल्ली जाते. मंगलाची सासू तुटक्या पोळीवरून तिला जेवू द्यायची नाही." तेव्हा मला ते बोलणं साधंच वाटलं. तू साधं बोलूनच मोठमोठ्या गोष्टी खपवायचीस.

मग ती लाईट गेलेली दुपार. आठ-दहा बाया ओट्यावर, उन्हाळा, वारा नाही, पंखा नाही. अकोल्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची सवय तुझी, ती गप्प कशी बसणार! तू डब्यांच्या रांगेकडं बोट केलंस. "हा पहिला. फर्स्ट. हा दुसरा. सेकंड. पुढचा?"

"थर्ड," मी म्हणाले. नववीपर्यंत शिकले होते, तेवढं येत होतं.

"असं नाही. जीभ दाताच्या बाहेर काढ. थर्ड. फोर्थ. फिफ्थ."

माय वं! सासवांसमोर जीभ बाहेर काढायची! बाया लाजून लाल. मंगला तर भिंतीकडं तोंड करून म्हणायची. आणि माझी सासू, जिला आम्ही सगळ्या टरकून असायचो, ती खाटेवरून म्हणाली, "मले येते." आणि चांगली लांबलचक जीभ काढून "फोर्थ" म्हणून दाखवलं. दात नव्हतेच तिला, अडचण कसली? त्या दिवसापासून कोणी लाजलं नाही. सासू जाईपर्यंत डबे इंग्रजीतच मोजत होती. कोणाचा नंबर चुकवला तर ओरडायची, "सेकंड तिचा हाय! सेकंड!"

आणि मंगलाची ती गोष्ट. तिला पहिला, दुसरा नुकतं आलेलं. घरात तिचा मान मोठा, हे तिला सांगायचं होतं. उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आय ॲम माय हजबंड्स फर्स्ट वाइफ." तू शांतपणे विचारलंस, "अच्छा? मग दुसरी कुठं असते?" ओटा नुसता हसून लोळला. मंगलाला आधी कळेना, मग कळलं, मग ती घरी जाऊन उगाचच नवऱ्याला भांडून आली. तो बिचारा दुसऱ्या दिवशी गिरणीवर विचारायला आला, "वहिनी, काय शिकवून राह्यले तुम्ही इथं?"

तुझा एकच कायदा होता. खोटं वाक्य बोलायचं नाही. मी शाळेत शिकलेलं एक वाक्य मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "राम इज ईटिंग अ मँगो." तू म्हणालीस, "कोणता राम? आन् पौषात आंबे कुठून आले?" मी म्हटलं, अगं पुस्तकात आहे. "पुस्तकात असू दे. तू आज काय खाल्लं ते सांग. खोटं वाक्य जिभेवर टिकत नाही, शोभा. खरं वाक्य माणूस विसरत नाही." मला तेव्हा हे फार अति वाटलं होतं. अजूनही वाटतं. त्याचं पुढं सांगते.

पण शिकवायचीस मात्र झकास. कोणत्या क्रियापदापुढं काय लावायचं, हे शाळेत आम्हाला छड्या खाऊन समजलं नव्हतं. तू म्हणालीस, "हे बघा, वाँट ही नवी नवरी. एकटी कुठं जात नाही. पुढं दुसरं काम आलं की मधात टू पाहिजेच, करवलीसारखा. वाँट टू गो. वाँट टू ईट. वाँट टू स्लीप. आन् लेट आणि मेक, ह्या दोघी नखरेवाल्या. यांना टू बिलकूल चालत नाही. लेट मी गो. मेक हिम सिट. टू दिसला की दार लावून घेतात." मंगलानं विचारलं, "आन् एन्जॉय?" तू म्हणालीस, "एन्जॉयला गोड लागते. तिला इंग द्यायचं. आय एन्जॉय सिटिंग हिअर." आणि मग म्हणालीस, हे खरं वाक्य आहे बरं का, मला इथं बसायला खरंच आवडतं.

मग घरी जाताना, भाकरी थापताना, धुणं धुताना बाया हेच. मी मोटार चालू करताना स्वतःशी म्हणायची, लेट इट स्टार्ट. एकदा सासू समोर बसलेली असताना मी मेकचं वाक्य केलं, "माय मदर-इन-लॉ मेक्स मी क्लीन द स्टोन." सासूनं विचारलं, "काय म्हणून राह्यली थे?" तू न डगमगता सांगितलंस, "आई, ती म्हणून राह्यली की सासूमुळं माझा दगड साफ राह्यते." सासू खूश झाली. तो काही खोटा अर्थ नव्हता, पण सगळा खराही नव्हता. तुझा कायदा तू स्वतःसाठी जरा वाकवायचीस, हे मी तेव्हाच हेरलं होतं.

हसण्यावारी चाललेलं असताना मधेच एखादी असं काही बोलून जायची, की ओटा गप्प व्हायचा. मंगला एकदा म्हणाली, "माय सन वाँट्स मी टू कम टू पुणे." तू म्हणालीस, शाब्बास, बघा, वाँट दुसऱ्यालाही कामाला लावते. ज्याच्याकडून काम पाहिजे, त्याला मधात ठेवायचं. पण मंगला थांबली नव्हती. "आय डोंट वाँट टू गो," ती म्हणाली आणि खाली बघत बसली. मराठीत ती हे कधी बोलली नव्हती. पोरगा फोन करायचा तेव्हा "येईन ना, येईन" म्हणायची. नवऱ्याला म्हणायची, तुम्ही म्हणाल तसं. पहिल्यांदा तिनं मनातलं बोलून दाखवलं ते तुझ्या इंग्रजीत, पिठाच्या डब्यांसमोर. तू तिच्या पाठीवर हात ठेवलास तेवढ्यात लाईट आली, मोटार सुरू झाली आणि कोणाला कोणाचं ऐकू येईना. मंगला अजून बीबीतच आहे. पोरगा महिन्यातून एकदा येतो. बरं चाललंय.

मला तू दर वेळी विचारायचीस, "शोभा, व्हॉट डू यू वाँट टू डू?" आणि मी दर वेळी एकच म्हणायची, "आय वाँट टू स्टार्ट द मिल." बाया हसायच्या. तू म्हणायचीस, खरं आहे तिचं, वाक्य बरोबर आहे. पण तुझी नजर माझ्यावर थोडी जास्त वेळ राहायची. तुला दुसरं उत्तर पाहिजे होतं. माझ्याकडं नव्हतं, किंवा होतं आणि मला ते ओठावर आणवत नव्हतं.

मग आपल्याकडं नवी डीपी, लाईटचा नवा ट्रान्सफॉर्मर, बसली आणि लाईट जायचं कमी झालं. गावानं पेढे वाटले, आणि आपली शाळा बुडाली. तेव्हाचं आपलं भांडण! तू म्हणालीस, "मंगळवारी चार वाजता अर्धा तास मोटार बंद ठेव." मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर हाय का? चार वाजता तर गिऱ्हाईक येते." तू म्हणालीस, "म्हणून तर. गिऱ्हाईकच तर शिकते." आठ दिवस आपण नीट बोललो नाही. तू डबा ठेवायचीस, मी दळून द्यायची, ना तू हसायचीस ना मी. शेवटी एका मंगळवारी चारला मी स्वतःच मोटार बंद केली आणि वरून ओरडले, "बसा आता! या बाईच्या पायी मी भिकेला लागते!" तुझा चेहरा काय फुलला होता. दळणाला आलेला एक गडी म्हणाला, "बाई, दळून देता का शाळा घेता?" मी त्याला म्हटलं, "दोन्ही. तुला घाई असंल तर हातानं दळ." तेव्हापासून मंगळवार पक्का झाला.

मग तुझी तब्येत. आधी तू म्हणायचीस ॲसिडिटी. मग जालन्याला दाखवलं, मग जालन्याच्याच चकरा वाढत गेल्या. कधी मंगळवारी यायचीस, कधी नाही. एकदा जाताना म्हणालीस, "शोभा, मी नसले तर तू घेत जा."

"मी? मी बाई नववी नापास."

"नापास तू परीक्षेत झालीस. इथं नाही झालीस."

"मले नाही जमत. माझं इंग्रजी म्हणजे अर्धं वऱ्हाडी. बाया हसतील."

"हसू दे. हसायलाच तर येतात."

मी नाही म्हटलं ते म्हटलं. तू यायची नाहीस त्या मंगळवारी मी मोटार बंदच करायची नाही. बाया डबे ठेवून बघायच्या, मी मान वर करायची नाही.

जालन्याच्या दवाखान्यात तुला भेटायला आले तेव्हा दुपारचं ऊन खिडकीतून तुझ्या पायांवर पडलं होतं. तुझी लेक सना उशाशी बसून मोसंबी सोलत होती. तुझा चेहरा इवलासा झालेला. मला बघून पहिला प्रश्न काय, "क्लास घेतलास?"

"नाही."

"काऊन?"

"अगं, सांगितलं ना, मले नाही येत तसं. तू बरी होऊन ये आन् घे." आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी इंग्रजीत म्हटलं, तुला बरं वाटावं म्हणून, "यू विल कम नेक्स्ट ट्यूजडे."

तू डोळे मिटून हसलीस. "खोटं वाक्य," म्हणालीस.

मला असा राग आला! दवाखान्यात, आजारी माणसाजवळ, मी भांडले तुझ्याशी. "असू दे खोटं! काही वाक्यं आधी खोटी बोलावी लागतात, मग ती खरी होतात. माणूस लग्नात म्हणतो सुखी राहा, तेव्हा ती पोरगी सुखी असते का? आजाऱ्याले म्हणतात बरी होशील. तुझ्या कायद्यानं जग चालत नाही, नसीम!" सना मोसंबी ठेवून बघत राहिली. तू मात्र मजेत होतीस. तुला माझ्याशी भांडायला नेहमीच आवडायचं.

"मग तूही एक खोटं वाक्य बोल ना," तू म्हणालीस. "बोल, आय कॅन टीच."

मी सनानं ठेवलेली मोसंबी उचलून सोलायला लागले.

"बघ. तुला दुसऱ्यासाठी खोटं बोलता येतं, स्वतःसाठी नाही."

"माझं मिसळीचं इंग्रजी हाय गं," मी म्हटलं. "मी बोलले तर सगळ्यांच्यात ज्वारी येईल."

"पहिल्या दळणाला ज्वारी येणारच," तू म्हणालीस. माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. "कोणी पहिलं टाकल्याशिवाय दुसरीचं साफ निघते का? मी माझं टाकलं, शोभा. आता तू टाक."

मग नर्स आली आणि वेळ संपली म्हणाली. मी उठले. दारातून तुला हात केला. मला तुला सांगायचं होतं, की तू आलीस म्हणून ही पिठानं पांढरी झालेली बाई रोज सकाळी कशाची तरी वाट बघत उठायला लागली. ते राहिलंच. एसटीत बसल्यावर ते वाक्य नीट जुळलं, तेही इंग्रजीत. घरी येईपर्यंत मी ते म्हणत होते.

पुढचा मंगळवार तू बघितला नाहीस. माझं वाक्य खोटंच निघालं. तेवढ्यापुरती जिंकलीस तू.

तुमच्याकडं तीजा असतो, दसवा असतो, चालिसवां असतो. आमच्याकडं दहावा, तेरावा. मंगलाच्या सासऱ्याचा तेरावा होता तेव्हा तूच ओट्यावर म्हणाली होतीस, "बघा, मराठीत नुसतं तेरावा म्हटलं की गाव समजतो. इंग्रजीत पुढं डे लावून, कशाचा ते सांगत बसावं लागते." तुझ्या चालिसव्याला आम्ही सगळ्या आलो होतो. तुमच्या दारात चपलांचा ढीग होता. तुझे मालक बाहेर खुर्चीवर बसले होते, मला बघून म्हणाले, "आपा, वो आपकी गिरनी की बहुत बात करती थी." मला रडूच आलं, पण बायांसमोर रडले नाही. मंगला रडली. तिला पाणी देताना माझंही सुटलं मग.

त्यानंतर गेला मंगळवार. तेच सांगायला बसले आहे, एवढा वेळ बाकीचंच बोलत राहिले.

चार वाजत आले होते. बाया आलेल्या, डबे रांगेत. मी कोणाची तरी ज्वारी दळत होते आणि कान मोटारीकडं. मनात म्हणत होते, जा ना बाई, जा की लाईट एकदाची, म्हणजे मला काही करायला नको. लाईट गेली तर आपोआप शांत होईल, कोणी तरी बोलेल, माझ्यावर येणार नाही. ती काही गेली नाही. आणि तेवढ्यात तुझी सना आली. डोक्यावर दुपट्टा, हातात तुमचा तो झाकणाला पोचा पडलेला डबा. घरात पीठ तर लागतंच ना, कोणी गेलं तरी. तिनं आईला कायम बघितलेलं, आईचा डबा कुठं असतो. सरळ चालत आली आणि मोटारीजवळ, सगळ्यात पुढं ठेवून दिला.

मी डब्याकडं बघितलं. बायांनी बघितलं. ज्वारीचं दळण नुकतंच उतरलं होतं, पुढचे सगळे गव्हाचे. पोरगी काही न कळता पहिली उभी होती.

मी स्टार्टरचं लाल बटण दाबलं.

एकदम असं शांत झालं, की ओट्यावरच्या चिमण्या ऐकू यायला लागल्या. मंगलानं विचारलं, "लाईट गेली का वो?"

"नाही," मी म्हटलं. "म्या बंद केली. चार वाजले."

मी पिठाचे हात पदराला पुसले, तुझ्या पोत्यावर बसले, आणि म्हणाले, "बोला, पहिली कोण?"

सगळ्या एकमेकींमागं. गिरणीत पहिलं कोणालाच व्हायचं नसतं, नसीम. मग मीच उभी राहिले. म्हटलं, "आय वाँट टू... आय वाँट टू स्टॉप द मिल." बाया हसल्या. इतक्या वर्षांचं माझं वाक्य उलटं झालं होतं. मी पुढं रेटलं, "नसीम मेड मी लाफ. नसीम लेट मी टू स्पीक."

"टू नाही वो, शोभाबाई!" मंगला मागून ओरडली. "लेट नखरेवाली हाय!"

आणि अख्खा ओटा हसला. सनासुद्धा. मी पण. ज्वारी आली, सगळ्यांनी बघितली, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. मग मंगला उठली, मग दुसरी, मग तिसरी. सनाला मी विचारलं, "व्हॉट डू यू वाँट टू डू?" ती म्हणाली, "आय वाँट टू कम हिअर एव्हरी ट्यूजडे." तुझी पोरगी आहे, खोटं बोलणार नाही.

अर्धा तास झाला. मी हिरवं बटण दाबायला उठले. तर मंगलानं काय करावं? पुढं आली, सनाचा डबा उचलून मागं केला आणि आपला डबा मोटारीजवळ ठेवला.

"माझं घाला पहिलं," म्हणाली.

"अगं, ज्वारी येईल की त्यात."

"येऊ द्या. पोरीचं साफ निघू द्या."

मी तिचे गहू वरून टाकले. पीठ जरा काळसर उतरलं. तिच्यानंतर सनाचं दळलं, ते पांढरंशुभ्र. मी चिमटीत घेऊन पाहिलं. मला ते पीठ हातातून सोडवेना, पण सनाला घरी जायचं होतं, म्हणून झाकण लावून दिलं.

मंगला दुसऱ्या दिवशी सकाळी आली आणि दारातूनच ओरडली, "तुटल्या! खाल्ल्या सगळ्यांनी!" सासू आता नाही तिची, बोलणारं कोणी उरलं नाही. नवरा म्हणे दोन जास्तच जेवला.

आता नवंच. येत्या मंगळवारी पहिला डबा कोणाचा, यावरून बायांत भांडण लागलंय. एक म्हणते माझा, दुसरी म्हणते तू मागच्या वेळी तरी कुठं ठेवला होतास, मंगला म्हणते मी सुरुवात केली तर मीच ठेवणार. गिरणीच्या जन्मात पहिल्या नंबरासाठी असं भांडण मी ऐकलेलं नाही. तू असतीस तर ते मिटवलं नसतंस. म्हणाली असतीस, भांडा, पण इंग्रजीत भांडा. मी तेच सांगून आले आहे त्यांना.